श्प्रे नदीच्या दोन तीरांवरचा मतदारसंघ

बर्लिन शहरात श्प्रे नदीवर तांबड्या विटांचा, दोन मनोऱ्यांचा ओबरबाउम नावाचा पूल आहे. पुलाच्या एका अंगास फ्रीडरिक्सहाइन, दुसऱ्या अंगास क्रॉइत्सबेर्ग. आज हे दोन्ही भाग जर्मन संसदेच्या एकाच मतदारसंघात मोडतात. गोष्ट दिसावयास साधी. परंतु ती घडून येण्यास २००२ साल उजाडावे लागले.

१९२० मध्ये भोवतालची गावे व नगरे सामावून घेऊन बृहद्‌बर्लिन निर्माण झाले व त्याचे वीस विभाग पाडण्यात आले. ह्या दोन विभागांमधील सीमा नदीच्या मध्यातून न जाता क्रॉइत्सबेर्गच्या काठालगत जाई. सारे पात्र फ्रीडरिक्सहाइनचे. दप्तरातील ही बाब एरवी कोणाच्या ध्यानातही आली नसती. पण १९४५ साली विजेत्यांनी शहर वाटून घेतले ते ह्याच विभागांच्या सीमा धरून. क्रॉइत्सबेर्ग अमेरिकेकडे गेले, फ्रीडरिक्सहाइन रशियाकडे. १९६१ च्या ऑगस्टात भिंत उभी राहिली आणि काठाखालचे पाणी परक्याचे झाले. क्रॉइत्सबेर्गच्या काठावर खेळता खेळता पाण्यात पडलेल्या मुलांसाठी तेथल्या अग्निशामकांना उडी घेता येईना. १९६६ ते १९७५ ह्या काळात अशी पाच मुले बुडाली. पाचव्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये, उभय पक्षांत बचावकार्याचा करार झाला.

ह्या काळात पश्चिम बर्लिनच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत नव्हते. दोस्त राष्ट्रांनी राखून ठेवलेल्या अधिकारांमुळे शहराचे प्रतिनिधी तेथील विधिमंडळ पाठवी, आणि कायद्यांवरील निर्णायक मतदानात त्यांची मते धरली जात नसत. क्रॉइत्सबेर्गच्या मतदाराने बुंडेस्टागसाठी प्रथम मत दिले ते २ डिसेंबर १९९० रोजी. तेव्हाही त्याचा जोडीदार श्योनेबेर्ग हा पश्चिमेकडचाच विभाग होता, तर फ्रीडरिक्सहाइन पूर्वेकडील लिश्टेनबेर्गशी जोडलेले होते. भिंत पडली तरी मतदारयादीत ती काही वर्षे उभीच होती म्हणावयाची.

२००१ मध्ये शहराच्या तेवीस विभागांचे बारा करण्यात आले व हे दोन शेजारी एक झाले. पुढच्याच वर्षी देशातील मतदारसंघ ३२८ वरून २९९ वर आणण्यात आले. बर्लिनच्या वाट्यास बारा आले. कायद्याप्रमाणे लोकसंख्या सरासरीपासून शेकडा पंधराहून अधिक ढळू नये, आणि पंचवीसच्या पलीकडे गेली तर सीमा नव्याने आखावीच लागते. मात्र ह्या हिशेबात परकीय नागरिक मोजले जात नाहीत. क्रॉइत्सबेर्गमध्ये तर १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची मोठी वस्ती. त्यांतील ज्यांना नागरिकत्व मिळाले नाही ते ह्या गणनेबाहेर राहिले. तेव्हा भरतीसाठी प्रेन्त्सलाउअर बेर्गचा पूर्वभाग जोडून देण्यात आला.

नव्या आखणीचा फटका बसला तो पूर्वेकडील समाजवादी पक्षास. शेकडा पाच मते नसतानाही तीन जागा थेट जिंकल्या तर मतांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळते, ह्या तरतुदीच्या आधाराने १९९४ साली त्याने पूर्व बर्लिनमधील चार मतदारसंघांच्या बळावर प्रवेश मिळविला होता. फ्रीडरिक्सहाइन–लिश्टेनबेर्ग त्यांतलाच एक. २००२ मध्ये पूर्वेची काही मते पश्चिमेच्या मतांत मिसळली, पक्षाच्या हाती दोनच जागा आल्या, आणि सुमारे चार टक्के मते असूनही त्याचा संसदीय गट नाहीसा झाला.

त्या निवडणुकीत येथे विजयी झाले हान्स-क्रिस्टियान श्ट्र्योबेले. स्वपक्षाच्या यादीत खात्रीचे स्थान न मिळाल्याने ते थेट मतदारांकडे गेले, आणि हरित पक्षाने स्वबळावर जिंकलेला देशातील पहिला मतदारसंघ हाच ठरला. २०१३ पर्यंत ते चार वेळा निवडून आले. २०१७ व २०२१ मध्ये त्याच पक्षाच्या जानान बायराम आल्या. २०२५ साली मात्र ही जागा डाव्या पक्षाकडे, म्हणजे त्या जुन्या समाजवादी पक्षाच्याच वारसांकडे, गेली.