आपण मोबाईलवर जास्तच अवलंबून आहोत का? दिंडोरीच्या शेतातून पाहिलं तर उत्तर थोडं वेगळं मिळतं

दिवसभर मोबाईल हातात म्हणजे माणूस मोबाईलच्या आहारी गेला, असं सर्रास म्हटलं जातं. हे माप नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराला लावलं, तर गडबड होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी झाली की पुढचे काही आठवडे त्याचा जीव पावसात अडकलेला असतो. अवकाळी पाऊस आला की डाऊनीचा धोका वाढतो, आणि फवारणी आज करायची की दोन दिवस थांबायचं, हे हवामानाच्या अंदाजावर ठरतं. तो अंदाज मोबाईलवर येतो. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही तिथेच वाचला जातो. माल युरोपला पाठवायचा असेल, तर बागेची नोंदणी अपेडाच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन यंत्रणेत असावी लागते. पेटीतला माल कोणत्या बागेतून आला, हे त्यावरून शोधता येतं.

हाच शेतकरी रात्री जेवण झाल्यावर रील्स बघत तासभर घालवतो. दोन्ही वेळा हातात मोबाईल तोच असतो. स्क्रीनवर किती तास गेले, एवढंच मोजलं तर या दोन गोष्टींतला फरक दिसत नाही. म्हणून ‘किती वेळ?’ यापेक्षा ‘मोबाईल बंद पडला तर काय अडतं, आणि त्याला दुसरा मार्ग आहे का?’ हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

शेतीपंपाची वीज कधी दिवसा, तर कधी रात्री येते. रात्रीची पाळी असली की पूर्वी अंधारात विहिरीपर्यंत चालत जाऊन मोटर सुरू करावी लागायची. नाशिक जिल्ह्याच्या या भागात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे ती चक्कर म्हणजे जिवावरचा खेळ. आता पंपाच्या पेटीत सिमकार्ड असलेला मोबाईल स्टार्टर बसवतात. घरातून फोन लावला की मोटर चालू होते. हेही अवलंबून असणंच आहे, पण ते सोडायला कोणी शहाणा सांगणार नाही. आकाशात वीज चमकायला लागली की इशारा देणारं ‘दामिनी’ हे पुण्याच्या आयआयटीएमचं अ‍ॅपही याच प्रकारात मोडतं.

व्यसन नेमकं कशाला म्हणतात?

बोलण्यात ‘मोबाईलचं व्यसन’ हा शब्द सहज येतो. वैद्यकशास्त्र मात्र तो जपून वापरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ला जागा मिळाली. ‘मोबाईलचं व्यसन’ असा वेगळा आजार त्यात नाही. गेमिंग डिसऑर्डरसाठीही नुसतं जास्त खेळणं पुरत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकीची कामं आणि आवडी मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे सगळं साधारण वर्षभर टिकणं, अशी लक्षणं पाहिली जातात.

याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. पण बहुतेक घरांत जे दिसतं ते आजाराच्या अलीकडचं, न सुटणाऱ्या सवयीचं असतं. सवय लागावी अशीच ही अ‍ॅप बनवलेली असतात. व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, खाली सरकवत राहिलं तरी पान संपत नाही. पुस्तकाला निदान शेवटचं पान असतं.

ग्रामीण मुलांबद्दलचा ‘असर २०२४’ हा देशव्यापी अहवाल इथे उपयोगी आहे. १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचं सांगितलं, तर सोशल मीडियासाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांनी. ‘अभ्यासासाठी’ म्हणून घरात आलेला मोबाईल दुसऱ्या कामाला जास्त लागतो, हे पालकांचं म्हणणं आकड्यांतही दिसतं.

भोंगा वाजला की मोबाईल बंद

सवयीवर उपाय शोधण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग दिंडोरीपासून बराच दूर, सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात झाला. मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार लोकवस्तीचं गाव. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर आली, आणि शाळा पुन्हा वर्गात भरू लागली तरी मुलांच्या हातातून मोबाईल सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावाने सभेत ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद राहतील. त्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा. सुरुवातीला काहींनी थट्टा केली. मग गावातल्या लोकांच्या गटांनी घरोघरी फिरून समजूत काढली. या प्रयोगाची बातमी देशाबाहेरही गेली.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावाने जास्त कडक वाट धरली. १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी करणारा ठरावच ग्रामपंचायतीने केला. यातली वडगावची रीत पाळायला सोपी वाटते. बंदी मुलांवर आली की मोठ्यांचा मोबाईल चालूच राहतो आणि मुलाला ते दिसतं. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो. पुढे असाच वाद ऑस्ट्रेलियात देशपातळीवर झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांवर खातं ठेवायला मनाई झाली. तिथे जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलं किंवा पालकांना दंड नाही.

एकट्या घराने मोबाईल बंद ठेवणं अवघड का जातं, हे दिंडोरीकरांना वेगळं सांगायला नको. तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर पूर्वी वरचे शेतकरी हवं तेवढं पाणी घ्यायचे आणि शेपटाकडच्यांपर्यंत ते पोहोचत नसे. एकाने हात आखडता घेतल्याने काही फरक पडत नव्हता. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, पाळ्या ठरल्या, मोजून पाणी देणं सुरू झालं आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे आलं. मोबाईलचंही तसंच होतं. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप संध्याकाळी सुरू असेल, तर एका मुलीने मोबाईल बाजूला ठेवला की तीच मागे पडते. सगळ्यांनी ठेवला तर कोणाचंच काही जात नाही.

आठवणीचं काय?

घरच्यांचे नंबर पाठ नाहीत, ही तक्रार जुनी झाली. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. माहिती नंतर सापडणार असं वाटलं की माणूस ती माहिती लक्षात ठेवण्याऐवजी ती कुठे आहे हे लक्षात ठेवतो, असं त्याचं सार होतं. पुढे इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा त्यातला एक प्रयोग तसाच्या तसा जमला नाही. त्यामुळे ‘मोबाईलने मेंदू निकामी केला’ छापाच्या पोस्ट जपूनच वाचाव्यात. पाठ असलेला एक नंबर बॅटरी संपल्यावर उपयोगी पडतो, हे मात्र खरं.

ओटीपी कोणाच्या मोबाईलवर?

आता दुसरी बाजू. तिची चर्चा कमी होते. वडगावचा भोंगा सवय मोडू शकतो, पण सरकारी काम मोबाईलवरच होणार असेल, तर तिथे माणसाच्या संयमाचा प्रश्नच उरत नाही.

पूर्वी तलाठी पीक पाहणी करून सातबाऱ्यावर नोंद घ्यायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून अ‍ॅपमधून पिकाचा फोटो घ्यायचा आणि नोंद करायची. नोंदीत चूक होण्याला किंवा ती मनमानी होण्याला त्यामुळे आळा बसतो, हा फायदा खरा आहे. पण नुकसानभरपाई असो की सरकारी खरेदी, त्यासाठी ही नोंद लागते. दिंडोरीच्या पूर्वेकडे बागायती पट्टा आहे, पश्चिमेला पेठ-सुरगाण्याच्या दिशेने डोंगराळ आदिवासी पाडे. महागड्या मोबाईलवर दोन मिनिटांत होणारं काम, साधा मोबाईल असलेल्या आणि रेंज न टिकणाऱ्या पाड्यावर शेजारच्या पोरावर सोपवावं लागतं. म्हणजे तिथला शेतकरी मोबाईलवर नाही, तर मोबाईलवाल्यावर अवलंबून असतो.

सगळ्याच योजना सारख्या नाहीत. पीएम-किसानच्या ई-केवायसीला तीन वाटा आहेत: आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी, सेवा केंद्रात अंगठा, किंवा चेहरा ओळखणारं अ‍ॅप. स्वतःकडे मोबाईल नसला तरी काम अडत नाही. यूपीआयचंही असंच. १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय काही तास कोलमडलं, तेव्हा खिशात दोनशे रुपये असलेल्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांनी नोटा बाळगणंच सोडलं होतं, ते दुकानाच्या दारात अडकले.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा महिलेच्या स्वतःच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला. महिन्याचे १५०० रुपये महिलेच्या नावावर, पण त्यासाठी लागणारा दुसरा ओटीपी घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर. पती आणि वडील दोघंही हयात नसलेल्या महिलांपुढे तर तो ओटीपी येणार कुठून, हाच प्रश्न होता. तक्रारी वाढल्यावर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली आणि अशा महिलांसाठी वेगळी सोय झाली. स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला कागदावर, गावातल्या अंगणवाडी सेविकेकडे नेऊन द्यायचा.