अडखळणारा राजा

'द किंग्ज स्पीच' हा २०१० सालचा सिनेमा मी लेकीबरोबर पाहिला. इंग्लंडचा सहावा जॉर्ज बोलताना अडखळायचा, त्याची ही गोष्ट. १९३९ च्या युद्धाच्या भाषणात तो जिंकतो आणि आपले डोळे भरून येतात.

इतिहास मात्र जरा सावकाश चालतो. १९२५ साली, राजा होण्याच्या कितीतरी आधी, वेम्बलीच्या प्रदर्शनात भाषण करताना त्याची फार फजिती झाली. पुढच्याच वर्षी तो लायनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थांकडे जाऊ लागला. श्वासाचे व्यायाम आणि रोजचा सराव, एवढंच औषध. १९२७ मध्ये कॅनबेराला संसदेच्या उद्घाटनात तो नीट बोलला. सिनेमाने लोग यांच्याकडचे उपचार पुढच्या काळात ढकलले आहेत. आणि दोष काही मुळासकट गेला नाही. राजा झाल्यावरही मोठ्या भाषणाआधी लोग हवेच असत.

बायांनो, आमच्या पाठशाळेत एक मुलगी स्तोत्र म्हणताना अडायची. आम्ही हसायचो. हळूहळू ती यायचीच बंद झाली. राजाला तेरा वर्षं थांबून ऐकणारा माणूस मिळाला. तिच्यासाठी आम्हाला तेरा क्षणही थांबवलं नाही.