बर्कलीला गेलेले शिकाऊ
कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 1972 साली एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या अपंग सोबत्यांनी ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभारलं. पोलिओमुळे रॉबर्ट्सना श्वासासाठी यंत्र लागे. तरीही मदतनीस कोण, घर कुठं, दिवस कसा, हे अपंगानंच ठरवायचं, असा त्यांचा ठाम आग्रह होता.

हे नुसतं वाचून उमगणारं नव्हतं.

1981 च्या आंतरराष्ट्रीय अपंग वर्षात जपानमध्ये डस्किन कंपनीच्या पुढाकारानं एक निधी उभा राहिला आणि अपंग जपानी तरुण प्रशिक्षणासाठी अमेरिकेला जाऊ लागले. तिथं अपंग माणसंच संस्था चालवतात, एकमेकांचं समुपदेशन करतात, हे त्यांना प्रत्यक्ष पाहता आलं. दयेवर पोसलेल्या कल्याणकारी कामापेक्षा हे शिक्षण कितीतरी मोलाचं होतं.

याच धर्तीवर 1986 मध्ये टोकियोच्या हाचिओजी भागात ‘ह्यूमन केअर असोसिएशन’ हे स्वतंत्र जीवन केंद्र सुरू झालं. पुढं 1999 पासून आशिया-प्रशांत देशांतले अपंग तरुण डस्किनच्या त्याच निधीतून जपानला शिकायला येऊ लागले.