बर्फातला ताड : एका चिनी झाडाची दीडशे-पावणेदोनशे वर्षे

१/ ताड, माड, शिंदी, पोफळी ही नावे उच्चारताच डोळ्यांपुढे समुद्रकिनारा आणि दमट ऊन उभे राहते. परंतु मे १८५१ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या बागेत, उघड्या आकाशाखाली, ताडकुळातले एक झाड लावले गेले. त्या जातीला हिमाचे भय नव्हते. तिच्या प्रवासात अफूचे युद्ध आहे, चहाची चोरी आहे आणि चिनी शेतकऱ्यांचे जुने ज्ञानही आहे. 🧵

२/ आधी एक प्रश्न : थंडीत ताड का मरतो? आंब्याची फांदी करपली तर दुसरी फुटते. ताडकुळातल्या बहुतेक झाडांना मात्र वाढीचा एकच कोंब असतो, तोही शेंड्यात. शेंडा गेला की माड गेला, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. तिथे शेंडा भुंगा खातो, युरोपात तो हिवाळा खातो.

३/ म्हणून युरोपने ताडांसाठी घरे बांधली. लंडनजवळच्या क्यू उद्यानातले लोखंड आणि काचेचे भव्य ‘पाम हाऊस’ १८४४ ते १८४८ या काळात उभे राहिले. आतली हवा उबदार राहावी म्हणून बंब पेटवावे लागत. ताड पाळणे हे त्या काळी राजेरजवाड्यांचे आणि धनिकांचे काम होते.

४/ याच सुमारास पहिले अफूचे युद्ध संपले. १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची पाच बंदरे इंग्रजांना खुली झाली. चुसान (आजचे झौशान) हे बेट तर १८४६ पर्यंत इंग्रजी फौजेच्या ताब्यात होते. १८४३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याला वनस्पती गोळा करण्यासाठी चीनमध्ये पाठवले.

५/ चुसान आणि लगतच्या चेज्यांग प्रांतात त्याला पंख्यासारख्या पानांचा एक ताड दिसला. त्याच्या खोडाभोवती तपकिरी तंतूंचे जाड वेष्टन असते. शेतकरी ते सोलून त्याचे दोर वळत आणि पावसात पांघरायचे झगे विणत. आपल्याकडच्या इरल्याचाच तो चिनी भाऊबंद. महत्त्वाची गोष्ट अशी, की तिथल्या हिवाळ्यात हिम पडते आणि तरीही हे झाड टिकते. शेतकऱ्यांना यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते.

६/ युरोपला ही जात अगदीच अनोळखी नव्हती. जपानमध्ये राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ड या वैद्याने १८३० मध्ये तिचे बी हॉलंडमधील लायडनला पोहोचवले होते. पण ताड म्हणजे उष्ण देशांचे झाड, हा समज इतका पक्का होता की ती रोपे प्रथम काचेआडच वाढली.

७/ १८४८ मध्ये फॉर्च्यून पुन्हा चीनला गेला, या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून. चिनी वेश करून तो परकीयांना बंदी असलेल्या मुलखात शिरला आणि चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचवली. हवाबंद काचपेट्यांमुळे रोपे महिनोन्‌महिने तग धरीत. याच फेरीत, १८४९ मध्ये, त्याने या ताडाची रोपे क्यूला धाडली. त्यांतले एक ऑस्बोर्न प्रासादासाठी होते.

८/ २४ मे १८५१, व्हिक्टोरिया राणीचा बत्तिसावा वाढदिवस. वाइट बेटावरच्या ऑस्बोर्नच्या बागेत ते रोप लावण्यात आले. त्याच महिन्यात लंडनमध्ये काचेचा ‘क्रिस्टल पॅलेस’ जगाला दिपवीत होता. इकडे एका रोपाने काचेची गरजच नाकारली होती.

९/ पुढे विल्यम हूकर आणि हेरमान वेन्डलँड या शास्त्रज्ञांच्या हातून या ताडाचे नाव ठरले : ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी. ज्यांनी शतकानुशतके ही झाडे लावली आणि त्यांचे तंतू सोलले, त्यांची आठवण या नावात कुठेच नाही. साम्राज्याच्या काळात ‘शोध’ लागणे म्हणजे बहुधा युरोपला कळणे.

१०/ या कुळाची एक शाखा भारतातही आहे. कुमाऊँत पिठोरागडजवळच्या थाकील डोंगरावर, हिवाळी बर्फात, याच्या सख्ख्या नात्यातला ताड वाढतो. इटलीच्या ओदोआर्दो बेक्कारीने १९०५ मध्ये त्याला डोंगराचेच नाव दिले : ट्रॅकिकार्पस टाकिल. माणसाऐवजी स्थळ लक्षात ठेवणारे हे नाव म्हणूनच लक्षणीय वाटते.

११/ दरम्यान युरोपात चुसानचा ताड सामान्यांच्या परसात पोहोचला. थंड प्रदेशांतले बागवान आजही कडाक्याच्या दिवसांत त्याची पाने वर बांधतात, शेंड्याभोवती पेंढा गुंडाळतात आणि बुंध्याशी पाचोळ्याचा थर देतात. शेंड्यात पाणी साचून गोठू द्यायचे नाही, हे त्यामागचे सूत्र. सारा खटाटोप त्या एका कोंबासाठी.

१२/ आता कथेला कलाटणी. दक्षिण स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात हा ताड इतका रुळला की पर्यटनाच्या चित्रांत तो तिथली ओळख बनला. पुढे हिवाळे सौम्य झाले, पक्ष्यांनी बिया रानात नेल्या आणि बागेतला पाहुणा जंगलात दाटीवाटीने उगवू लागला. स्थानिक रोपांना उजेड मिळेना. १ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या विक्रीवर बंदी आली.

१३/ एकाच कुळातल्या दोन ताडांची ही गत. चीनचा ताड परदेशी रानात नकोसा झाला आहे, तर थाकीलचा ताड स्वतःच्या डोंगरावर विरळ होत चालला आहे. एकाला साम्राज्याची जहाजे मिळाली, राजघराण्याचे अंगण मिळाले. दुसरा आहे तिथेच राहिला. झाडांचा इतिहास त्यांच्या मुळांइतकाच माणसांच्या ये-जा करण्याने घडतो. त्या ये-जा करण्याची किंमत मात्र पावणेदोनशे वर्षांनंतर एखादे रान चुकवत असते.