खराब्याची खरेदी

ज्या जमिनीवर नांगर चालत नाही व जिच्यापासून सारा मिळत नाही ती खराब्यात काढावी, हा महसुली दंडक आपल्या दफ्तरांत जितका रूढ तितकाच एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतही रूढ होता. म्हणूनच १८५० साली तेथील काँग्रेसने दलदलीच्या जमिनी घटक राज्यांना फुकट बहाल केल्या आणि त्यांच्या विक्रीतून राज्यांनी बांध घालावेत, चर खणावेत व पाण्याखालची भूमी लागवडीस आणावी, अशी अपेक्षा बाळगली. त्याच काँग्रेसने पाऊणशे वर्षांच्या आत तसल्याच जमिनी मिसिसिपीच्या काठी रोख पैसे मोजून विकत घ्याव्यात, आणि त्याही कोरड्या होऊ नयेत एवढ्याचसाठी, हे मोठे मनन करण्याजोगे आहे.

मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात मुख्य प्रवाहाच्या दोहो बाजूंस बेटे, फाटे, डोह आणि पाणथळ जंगले यांचा विस्तीर्ण पट्टा आहे. वसंतातील पुराबरोबर मासे या उथळ पाण्यात शिरून अंडी घालीत. पूर ओसरला की असंख्य पिले आटत चाललेल्या डबक्यांत अडकून पडत, आणि सरकारी मत्स्यखात्याचे नोकर ती जाळ्यांनी उपसून पुन्हा नदीत सोडीत. हा उद्योग केवळ भूतदयेचा नव्हता. आयोवातील मस्कटीन या गावी नदीतील शिंपल्यांपासून गुंड्या कापण्याचे कारखाने भरभराटले होते, आणि शिंपल्याचे पिल्लू काही दिवस माशाच्या कल्ल्याला चिकटल्यावाचून वाढत नाही, असा सृष्टीचा विलक्षण करार आहे. त्यामुळे सदऱ्याची गुंडी शिंपल्यावर, शिंपला माशावर आणि मासा त्या तथाकथित निरुपयोगी दलदलीवर अवलंबून होता. ही साखळी महसुलाच्या कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती.

१९२३ च्या सुमारास याच पट्ट्यातल्या विनेशिक नावाच्या सखल भागातील पाण्याचा निचरा करून तेथे शेती करण्याची योजना निघाली. आदल्याच वर्षी शिकागोत, सतराव्या शतकातील इंग्रज गळबहाद्दर ग्रंथकार आयझॅक वॉल्टन याच्या नावाने, हौशी मासेमारांचा एक संघ स्थापन झाला होता, व जाहिरातींच्या धंद्यातला विल डिल्ग हा त्याचा अध्यक्ष होता. एका योजनेविरुद्ध अर्ज करीत बसण्यापेक्षा शेकडो मैलांचा हा सखल पट्टाच सरकारने खरेदी करावा, ही त्याची मागणी प्रथमदर्शनी अवास्तव वाटण्यासारखी होती. परंतु त्याने आपल्या धंद्यातले सारे कसब पणाला लावले, महिलामंडळांचा पाठिंबा मिळविला, आणि ७ जून १९२४ रोजी या पट्ट्यात वन्यजीवांचे व माशांचे आश्रयस्थान निर्माण करणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची स्वाक्षरी झाली. खरेदीसाठी पंधरा लाख डॉलरांची तरतूद ठरली; तथापि संबंधित राज्यांची संमती आवश्यक ठेवण्यात आली आणि कारभार शेतकी व व्यापार या दोन खात्यांत विभागला गेला, कारण पक्षी एका खात्याचे आणि मासे दुसऱ्याचे! सरकारी दफ्तरातील हा वर्णभेद कोणत्याही देशात सहजासहजी सुटत नाही.

कायद्याची खरी उणीव मात्र दरात होती. सरासरी एकरी पाच डॉलरांची मर्यादा घालण्यात काटकसर दिसली, पण दूरदृष्टी दिसली नाही. ही मर्यादा पुढे वाढवावी लागली. डिल्ग स्वतः १९२६ साली संघाच्या अध्यक्षपदावरून दूर झाला आणि १९२७ साली मरण पावला. पाणी काढून नेले जाईल, या भयाने त्याने ही खटपट केली होती. १९३० नंतर सैन्याच्या इंजिनियरांनी नौकानयनासाठी एकामागून एक धरणे बांधून तेथे उलट पाणी तुंबविले, स्वतःही आणखी जमिनी संपादन केल्या, आणि त्यांपैकी बऱ्याच जमिनी या आश्रयस्थानाच्याच कारभाराखाली आल्या. पाण्याची जुनी चढउतार मंदावली आणि संथ जलाशयांत गाळ साचू लागला. जमीन विकत घेतली की नदीही आपली झाली, असे मानणाऱ्यांना हा चांगलाच धडा होता. असे असूनही खरेदी व्यर्थ गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण वाबाशापासून रॉक आयलंडच्या परिसरापर्यंत चार राज्यांतून पसरलेले हे २६१ मैलांचे आश्रयस्थान आज सुमारे २,४०,००० एकरांचे आहे.