नायकाने करून दिलेला परिचय

मराठी कादंबरीत पात्राने स्वतःची कथा सांगण्याची परंपरा जुनी आहे. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये यमू स्वतःच निवेदन करते. मात्र ती वाचकाची सहानुभूती मागते आणि तिच्यामागे हरिभाऊंची सुधारणावादी दृष्टी उभी असते. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ने हा संकेतच मोडला. पांडुरंग सांगवीकर प्रारंभीच आपले नाव व पंचविशीचे वय सांगतो, आणि त्या वयालाही ‘उदाहरणार्थ’ जोडून स्वतःच्या परिचयाचीच थट्टा करतो. जो नायक स्वतःकडे एक उदाहरण म्हणून पाहतो, त्याच्याकडे आदर्श मागता येत नाही. परंतु या विनोदाला केवळ शैलीची लकब मानणे अपुरे ठरेल. त्याची कसोटी मनीच्या मृत्यूपाशी लागते. धाकटी बहीण देवीच्या रोगाने दगावते, तेव्हा कोणत्याही ‘वगैरे’ने काहीच झाकले जात नाही. प्रारंभीची थट्टा हा दुःखापासून बचावण्याचा प्रयत्न होता, हे तिथे उमगते. यमूने मागितलेली सहानुभूती पांडुरंग न मागता मिळवतो. निवेदनाच्या इतिहासातील हे स्थित्यंतर मोलाचे आहे.