स्मृतीचा वेग : टिफ्रॅकपासून पाचगणीच्या मेजावरील संगणकापर्यंत

पाचगणी हे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर वसलेले, निवासी शाळांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. येथील एखाद्या शाळेच्या कचेरीत किंवा दुरुस्तीच्या दुकानात मेजावरील संगणकाविषयी एक तक्रार सहज ऐकू यावी. रॅमच्या वेष्टनावर ‘३२००’ हा आकडा छापलेला असतो. संगणक मात्र ‘२१३३’ दाखवितो, क्वचित ‘१६००’ दाखवितो. कोणी जाणकार यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, जाऊन वेष्टनावरील आकडा निवडतो. संगणक सुरू होतो, चार दिवस नीट चालतो आणि मग एकाएकी बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागतो, अथवा गुणपत्रकांची एखादी फाइल उघडतच नाही. वरवर पाहता ही तक्रार क्षुल्लक आहे. तथापि तिच्यामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास असून, महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर त्याचा आरंभ मुंबईत झाला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका लहान गटाने इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधण्याचे काम हाती घेतले. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ साली चालू झाली, पूर्ण यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्वयंकांचे २,०४८ शब्द मावत आणि एका शब्दाचे वाचन-लेखनाचे आवर्तन पुरे होण्यास १५ मायक्रोसेकंद लागत.

ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. असे प्रत्येक कडे दोन दिशांपैकी एका दिशेने चुंबकित असते आणि ती दिशा म्हणजेच शून्य किंवा एक हा अंक. कड्यांच्या जाळीतून आडव्या व उभ्या तारा ओवलेल्या असतात. हव्या त्या कड्याची निवड करण्यासाठी एका आडव्या व एका उभ्या तारेतून अर्धा-अर्धा प्रवाह सोडतात. दोन्ही प्रवाह जेथे एकत्र येतात तेथील कडेच तेवढे उलटते. प्रवाह कमी पडला तर निवडलेले कडेही उलटत नाही. तो अधिक झाला तर ज्यांना अर्धाच प्रवाह मिळावयाचा ती शेजारची कडीही उलटू लागतात. शिवाय कडे वाचले की त्यातील अंक पुसला जातो, म्हणून प्रत्येक वाचनानंतर तो पुन्हा लिहावा लागतो. उष्णता वाढली की कडे उलटण्यास लागणारा प्रवाह घटतो. म्हणजे प्रवाह, काल आणि तापमान या तिन्ही गोष्टी एका अरुंद पट्ट्यात बसल्या तरच स्मृती विश्वसनीय राहते. स्मृतीचा वेग हा कड्याच्या अंगी असलेला गुण नव्हता. या तिघांनी मिळून पाळलेला तो एक करार होता.

या कराराची परीक्षा कशी घ्यावी, याचा विचार त्याच काळात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या ‘व्हर्लविंड’ या यंत्रावर झाला होता. तेथील अभियंते यंत्राचा विद्युतदाब मुद्दाम कमीअधिक करून पाहत. त्यामुळे जो भाग आज चालतो पण उद्या बिघडण्याच्या बेतात आहे, तो आधीच उघडा पडे. ‘यंत्र चालते काय?’ एवढेच विचारून ते थांबत नसत; ‘ते किती मोकळेपणाने चालते?’ असा त्यांचा प्रश्न असे. स्मृतीच्या वेगासंबंधीचे पुढील सर्व निदान या एका प्रश्नावर उभे आहे.

कड्यांची जागा पुढे अर्धवाहकांनी घेतली. रॉबर्ट डेनार्ड यांच्या एक-ट्रान्झिस्टर स्मृतीला १९६८ साली एकस्व मिळाले आणि १९७० साली इंटेलचा ‘११०३’ हा १,०२४ द्वयंकांचा तुकडा बाजारात आला. आजच्या अशा स्मृतीत प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युतधारकातील भाराच्या रूपाने राहतो. हा भार सतत झिरपत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांत सर्व स्मृती वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंश सेल्सियसच्या वर गेले तर हा अवधी निम्मा करावा लागतो. फेराइट गेले, परंतु उष्णता व काल यांच्याशी असलेले स्मृतीचे नाते गेले नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाच्या काळात स्मृतीच्या तुकड्यावर त्याचा अवधी नॅनोसेकंदांत छापलेला असे. दर आठ द्वयंकांमागे नववा द्वयंक केवळ पडताळ्यासाठी राखलेला असे. अंकात एका स्थानी फरक पडला की यंत्र तत्काळ थांबून चूक जाहीर करी. १९९०च्या दशकात खर्च वाचविण्यासाठी सामान्य संगणकांतून हा नववा द्वयंक काढून टाकण्यात आला. चूक होणे त्यामुळे थांबले नाही. ती जाहीर होणे मात्र थांबले.

याच दशकाच्या अखेरीस वेगाचा आकडा वापरणाऱ्याच्या नजरेआड गेला. १९९८च्या सुमारास रूढ झालेल्या ‘पीसी १००’ पद्धतीच्या पट्ट्यांवर एक चिमुकला तुकडा बसविलेला असे आणि त्यात त्या पट्टीचे काल व वेग कोष्टकरूपाने नोंदलेले असत. यंत्र सुरू होताच मदरबोर्ड हे कोष्टक वाचून वेग ठरवू लागला. ‘जेडेक’ या उद्योगसंघटनेने २००० साली डीडीआर, २००३ साली डीडीआर २, २००७ साली डीडीआर ३, २०१२ साली डीडीआर ४ आणि २०२० साली डीडीआर ५ यांची मानके प्रसिद्ध केली. याखेरीज २००७ साली इंटेलने ‘एक्सएमपी’ नावाच्या दुसऱ्या कोष्टकाची सोय केली. एएमडीने २०२२ साली ‘एक्स्पो’ ही तशीच सोय आणली. पहिल्या कोष्टकात मानकाने ठरविलेला वेग असतो; दुसऱ्यात पट्टीच्या निर्मात्याने स्वतःच्या जबाबदारीवर सांगितलेला, मानकापलीकडील वेग असतो. डीडीआर ४ चा मानक विद्युतदाब १.२ व्होल्ट आहे, तर दुसऱ्या कोष्टकात तो बहुधा १.३५ व्होल्ट असतो. हा फरकच दोन कोष्टकांचे स्वरूप स्पष्ट करतो.

आरंभीच्या तक्रारीचा अर्धा उलगडा येथेच होतो. वेष्टनावरील ३२०० हा आकडा बहुधा दुसऱ्या कोष्टकातील असतो. संगणक पहिल्या कोष्टकावर चालत असल्यामुळे २१३३ दाखवितो. हा बिघाड नव्हे. १६०० दिसणे हाही बिघाड नव्हे, कारण डीडीआर पद्धतीत घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा देवघेव होते. १,६०० मेगाहर्ट्झचे घड्याळ म्हणजे सेकंदाला ३,२०० दशलक्ष देवघेवी. शिवाय मोठा आकडा म्हणजे त्याच प्रमाणात त्वरित उत्तर, असेही नाही. ३२०० वेगाच्या पट्टीला उत्तर देण्यास १६ ठोके लागत असतील तर तो काल १० नॅनोसेकंद होतो. २१३३ वेगाला १५ ठोके लागत असतील तर सुमारे १४ नॅनोसेकंद. डीडीआर ५ ची ६००० वेगाची पट्टी ३० ठोके घेत असेल, तर पुन्हा १० नॅनोसेकंदच.

या ठिकाणी टिफ्रॅकशी तुलना उद्बोधक ठरते. त्याच्या स्मृतीचे आवर्तन १५ मायक्रोसेकंदांचे होते. आजच्या स्मृतीतील एका ओळीचे आवर्तन सुमारे ४५ ते ५० नॅनोसेकंदांचे असते. म्हणजे ते तीनशे पटींच्या आसपास त्वरित झाले. धारणशक्ती मात्र १०,२४० बाइटांवरून १६ गिगाबाइटांवर, म्हणजे सोळा लाखांहून अधिक पटींनी वाढली. टिफ्रॅकची सर्व स्मृती एकदा वाचून काढण्यास सुमारे ३१ मिलिसेकंद पुरत. आजची १६ गिगाबाइटची पट्टी ३२०० या पूर्ण वेगाने, एका मार्गाने, एकदाच वाचावयाची म्हटली तरी सुमारे पाऊण सेकंद लागतो, म्हणजे वीस पटींहून अधिक काळ. त्यातही अनेक दोष शेजारच्या अंकांच्या विशिष्ट रचनेतच प्रकट होत असल्याने वेगवेगळ्या रचना पुनःपुन्हा लिहून पाहाव्या लागतात आणि परीक्षेला कित्येक तास लागतात. स्मृती जितकी त्वरित झाली त्याहून कितीतरी अधिक ती विस्तारली. परिणामी पडताळा महाग झाला आणि तो टाळण्याची सवय जडली.

निदानाचा क्रम या इतिहासातूनच निघतो. प्रथम यंत्रास पहिल्या कोष्टकावर, म्हणजे मानक वेगावर, परत न्यावे. तेथे ते निर्दोष चालले तर पट्टी खराब ठरत नाही, करार ताणलेला ठरतो. तेथेही चूक राहिली तर एकेक पट्टी एकेका खाचेत बसवून तपासावी, म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा हे कळते. दोन पट्ट्या बसविताना मदरबोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जोडीच्याच खाचा वापराव्यात. निरनिराळ्या पट्ट्या एकत्र केल्यास सर्वांना सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालावे लागते. चारही खाचा भरल्या तर साध्य वेग बहुधा उतरतो. प्रोसेसर व मदरबोर्ड यांच्याही मर्यादा असतात: इंटेलच्या बी ४६० या संचावर प्रोसेसरसाठी ठरविलेल्या वेगापुढे जाता येत नसे, २०२१च्या बी ५६० संचात ही अट सैल झाली. शेवटी मेमटेस्टसारख्या आज्ञावलीने रात्रभर परीक्षा घ्यावी. तीत एक जरी चूक निघाली तरी तो वेग त्याज्य समजावा. स्मृतीच्या बाबतीत ‘थोडी चूक’ असा प्रकार नाही.

पाचगणीची स्थलपरिस्थितीही या करारातील एक पक्ष आहे. या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-अष्टमांशाने विरळ असते, त्यामुळे पंखा तितकीच उष्णता वाहून नेऊ शकत नाही. परंतु हवेतील गारवा ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढतो. पावसाळ्यातील दीर्घकाळची आर्द्रता अधिक त्रासदायक होय. ती पट्टीच्या व खाचेच्या संपर्कांवर पुटे चढण्यास साहाय्य करते; म्हणून वेगाला दोष देण्यापूर्वी वीज तोडून पट्टी काढावी, संपर्क पुसावेत आणि ती पुन्हा घट्ट बसवावी. हिवाळ्यात आणखी एक विशेष आढळू शकतो. आधुनिक यंत्र सुरू होताना स्मृतीशी असलेले कालसंबंध स्वतः जुळवून घेते. थंड पहाटे जुळविलेले हे संबंध यंत्र तापल्यावर काठावर येऊ शकतात. म्हणून परीक्षा यंत्र तापलेले असतानाच घ्यावी. लांब सुट्टीत वीज बंद राहिली आणि मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली, तर अनेक यंत्रे निवडलेली मांडणी विसरून मानक वेगावर परततात. ‘सुट्टीनंतर संगणक मंदावला’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा एवढेच असते.

टिफ्रॅकच्या अभियंत्यांना आपल्या स्मृतीचा पट्टा किती अरुंद आहे हे ठाऊक होते, कारण तो त्यांनीच आखला होता. आजच्या कचेरीतील कारकुनाला तो ठाऊक नाही. त्याच्यासमोर वेष्टनावरील एक आकडा तेवढा आहे. डीडीआर ५ मधील अंतर्गत दुरुस्तीची सोयदेखील तुकड्याच्या आतील चुकांपुरतीच आहे. तुकडा व प्रोसेसर यांमधील वाटेवर अंक बदलला तर तिला त्याची वार्ता नसते. बंद पडलेले यंत्र निदान आपली व्यथा सांगते. चालू राहून चुकीचे लिहिणारे यंत्र मात्र विद्यार्थ्याच्या गुणांतील ७ च्या ठिकाणी ५ लिहूनही मौन पाळू शकते, आणि ती चूक दुसऱ्या दिवशी घेतलेल्या प्रतीतही निमूटपणे उतरते. आरंभीच्या शाळेच्या बाबतीत २१३३ व ३२०० यांतील फरकाने गुणपत्रक छापून होण्यास लागणारा वेळ कोणाच्या ध्यानात येईल इतकाही बदलत नाही. त्या पत्रकाची विश्वासार्हता मात्र बदलू शकते. पडताळ्याचा नववा द्वयंक यंत्रातून गेला त्या दिवसापासून पडताळ्याचे काम यंत्र वापरणाऱ्याकडे आले आहे. वेष्टनावरील आकडा निवडणाऱ्याने ती रात्रभराची परीक्षाही स्वीकारावी, अन्यथा मानक वेगावर समाधान मानावे.